वरच्या कडेच्या रेघा

मथुताई कोठारे कामावर हसत नसत. हसलं की टेबल हलतं, टेबल हललं की मायक्रोस्कोप हलतो आणि समोरची रेघ जाते, असं त्यांचं साधं गणित होतं. त्या खोलीत आम्ही सहा जणी बसायचो, त्यातल्या पाच पंचविशीच्या आतल्या. आम्हाला कशाचंही हसू यायचं. आमच्या साहेबांच्या, दिघेसरांच्या, शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलेलं दिसलं तरी आमची हसून पुरेवाट व्हायची. मथुताई तेवढ्यापुरता मायक्रोस्कोपवरून डोळा काढत, हात मांडीवर ठेवून बसत, आणि आमचं संपलं की विचारत, "झालं? आता मी बघू?" मग तासभर कुणी खोकतसुद्धा नसे.

आणि याच बाई संध्याकाळी ट्रामच्या रांगेत उभ्या राहून त्याच बटणावर एकट्या एकट्या हसायच्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रांगेतली माणसं वळून बघायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझ्या आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही. वरळीच्या आमच्या चाळीत ती सांगायची, आमची इंदू हापिसात काच बघते. तसं खोटं नव्हतं. आकाशातून सारखे फार बारीक कण येत असतात, अंगातून आरपार जातात, आपल्याला पत्ता नसतो. त्यांना कॉस्मिक किरण म्हणतात. ते पकडायला काचेच्या प्लेटांवर फोटोच्या मसाल्याचा जाड थर द्यायचा, त्या मोठ्या फुग्याला बांधून खूप उंच सोडायच्या, आणि फुगा कुठल्यातरी गावाच्या शिवारात उतरला की उचलून आणायच्या. फोटो धुतात तशा धुतल्या की कण जिथून गेला तिथे काळ्या ठिपक्यांची रेघ उमटलेली असे. साध्या डोळ्याला काही दिसत नाही. मायक्रोस्कोपखाली मात्र रेघाच रेघा, काही जाड, काही बारीक, काही मध्येच फुटलेल्या.

या प्लेटा बघणं हे आमचं काम. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्लेट आडवी सरकवत न्यायची, मग थोडी खाली उतरून पुन्हा उलट. अशा पट्ट्या. पट्टी सरकत असते तेव्हा दिसणाऱ्या गोलातली मधली रेघ मधूनच जाते आणि वरच्या कडेची वरच्या कडेनेच निघून जाते. एवढं लक्षात ठेवा, कारण सगळं तिथेच घडलं.

एकीने बघितलेली प्लेट दुसरी पुन्हा बघायची, पहिलीची वही न उघडता. मग दोघी वह्या घेऊन समोरासमोर बसायच्या. दुसरीने एकेका रेघेची जागा वाचायची, पहिलीने आपल्या वहीत बघून 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचं. याला आम्ही जुळवणी म्हणत होतो. दोघींना किती सापडलं आणि एकीलाच किती, यावरून दोघींच्याही नजरेतून किती सुटलं असेल याचा अंदाज दिघेसर बांधत. हे सगळं एका गोष्टीवर उभं होतं, ती म्हणजे दुसरीने पहिलीची वही बघायची नाही. देवाची शपथ मोडली तरी चालेल, ही नाही.

मी लागले तेव्हा मॅट्रिक होऊन वर्ष झालं होतं. फाउंटनला गोळीबार झाला, त्यानंतरचे दिवस. शहर नुसतं धुमसत होतं. मला शिकवायचं काम मथुताईंकडे दिलेलं. त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. बारीक, सरळ पाठीच्या, पांढरं इस्त्रीचं पातळ, बांगडी फक्त डाव्या हातात. उजव्या हातातली मायक्रोस्कोपच्या चाकाला लागते म्हणून काढून टाकलेली. घर गिरगावात, पाठारे प्रभूंचं जुनं. आजोबांच्या वेळी ठाकुरद्वाराला तीन इमारती होत्या म्हणे, आता भाऊ, वहिनी आणि मथुताई मिळून तीन खोल्यांत राहत. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एक प्लेट दिली आणि म्हणाल्या, दिसेल ते लिही. मी घाबरून दिवसभरात पानं भरली. त्यांनी ती सगळी पुन्हा बघितली आणि दोन नोंदी ठेवून बाकी सगळ्या काटल्या. "अगं, एवढं सगळं खरंच आकाशातून पडलं असतं तर आपण केव्हाच मेलो असतो," म्हणाल्या. ओरखडा कुठला, धुळीचा कण कुठला, धुताना आलेला डाग कुठला, हे त्यांनी मला महिनाभर शिकवलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. दिसलं ते लिही, वाटलं ते लिहू नकोस, वाटलं ते घरी जाऊन नवऱ्याला सांग. आम्हा पाच जणींत तेव्हा एकीलाच नवरा होता. बाकीच्यांनी वाटलेल्याचं काय करायचं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्यासारखं गिळायचं.

दुसरी गोष्ट जेवणाच्या सुट्टीतली. आमच्या घरात त्याच सुमारास दीक्षा घेतलेली. देव गेले होते, भिंतीवर नवी तसबीर आली होती, आणि खोलीतल्या एकीला माझं आडनाव कळल्यावर तिने आपला डबा हळूच दोन वीत लांब सरकवला. मी डबा उघडावा की नको या विचारात होते. मथुताई उठल्या, त्यांचं स्टूल ओढत माझ्याजवळ आणलं, नाक फेंदारून म्हणाल्या, "सुके बोंबील आहेत का गं? दे इकडे." नुसतं चाखलं नाही, अर्धा डबा संपवला. वर, तुझ्या आईने मिरची कमी घातली, तिला सांग प्रभूंच्या बायका याहून तिखट खातात, असं ऐकवलं. भाषण नाही, डोळे ओले करणं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्यासाठी घरून चिंबोरीचं कालवण आणायला लागल्या. आई म्हणाली, ही बाई तुला जन्माला पुरेल. मलाही तसंच वाटायचं.

आता दिघेसर. मोठा हुशार माणूस आणि भाबडा. त्यांनी एकदा फळ्यावर चित्र काढून आम्हाला समजावलं की हे कण जन्मतात कुठे ते कुणाला माहीत नाही. त्यांच्यावर वीजभार असतो, आणि आकाशात जागोजागी चुंबकासारखी ओढ असते, त्यामुळे ते वाकत, वळत, लाखो वर्षं भटकत येतात. येईपर्यंत मूळ दिशा पार पुसली गेलेली असते. विचारलं कुठून आलात, तर उत्तर येतं, सगळीकडून. पण जिथे ते जन्मतात तिथे आसपास वायूचे ढग असतात, त्यांवर हे कण आपटतात आणि त्यातून गॅमा नावाचा प्रकाश निघतो. प्रकाशावर भार नाही, तो वाकत नाही. तो सरळ येतो.

आम्ही पाची जणी फळ्याकडे बघत बसलेल्या. मथुताई म्हणाल्या, "म्हणजे चोर गल्लीबोळातून पळाला, पण त्याच्या हातून भांडं पडलं त्याचा आवाज सरळ आला." सर इतके खूश झाले की पुढे वर्षभर येईल त्या पाहुण्याला ते भांडं ऐकवत होते.

अडचण अशी की त्या गॅमाची स्वतःची रेघ उमटत नाही. काहीच नसलेल्या जागेवरून अचानक दोन बारीक रेघा निघतात, अगदी चिकटून, मग किंचित फाकतात. त्याला आम्ही पेअर म्हणत होतो. ती फार अंधुक. त्यातून आकाशगंगेच्या सगळ्या पट्ट्यातूनच असला प्रकाश थोडाथोडा झिरपत असणार, आणि आपल्या डोक्यावरच्या हवेतही तो तयार होतो. या सगळ्या गर्दीतून एकाच दिशेने जरा जास्त पेअर आल्या का, हे सरांना बघायचं होतं. आल्या, तर तिकडे कणांचं जन्मस्थान. असल्या पेअर मुळात थोड्या. एकेक मोलाची.

म्हणून मथुताई मोलाच्या. त्यांना पेअर दिसायची तशी कुणालाच दिसत नसे. आणि नसली तर नाही म्हणायची त्यांची ताकद त्याहून मोठी. एकदा सरांना हव्या त्याच दिशेची एक सुंदर पेअर मला सापडली. सर धावत आले, बघितली, नाचायचेच बाकी होते. मथुताईंनी बघितली, चाक किंचित फिरवलं, पुन्हा बघितली आणि म्हणाल्या, ही पेअर नाही, एक रेघ वरच्या थरातली आहे, एक खालच्या, दोघी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. सर वाद घालायला लागले. बाईंनी जागा सोडून दिली, म्हणाल्या, तुम्ही साहेब आहात, तुम्ही लिहा, मी लिहिणार नाही. सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः मोजून आले आणि ती नोंद काटली.

मोर्चाचंही सांगते. त्या दिवसांत महिन्यातून दोनदा तरी आमच्या रस्त्याने मोर्चा जायचा. आवाज आला की आम्ही खिडकीत. मथुताई पट्टी संपेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. पट्टी संपली की चाकावरचे आकडे तळहातावर पेनने लिहायचे, मायक्रोस्कोपवर कापड टाकायचं आणि खाली उतरून सरळ मोर्चात. मी सोबत असे. घोषणा देताना त्यांचा आवाज चढत नसे. आकडे वाचून दाखवावेत तशा "झालाच पाहिजे" म्हणायच्या, पण एकही चुकवायच्या नाहीत. तासाभराने परत येऊन तळहात बघायच्या आणि नेमक्या त्याच जागेवरून पुढची पट्टी. मुंबई महाराष्ट्रात आली नाही तर काय कराल, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, येईल, पण बघायला आपण असायला हवं.

आता ते सांगते, ज्यासाठी हे सगळं सांगत बसले. टाळत होते, कबूल करते.

मला लागून दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागून प्लेट बघायचं काम तोवर माझ्याकडेच आलं होतं. आमची जुळवणी म्हणजे खोलीला करमणूक. मी वाचायची, त्या आहे, आहे, आहे. 'नाही' क्वचित, आणि आलं तर बहुतेक वेळा मीच डागाला रेघ समजलेली असे. एका दिवशी मात्र पहिल्याच पानावर त्या नाही म्हणाल्या. मग पुन्हा नाही. त्या एका प्लेटीत सात वेळा. आम्ही लगेच मायक्रोस्कोपखाली सातही जागा बघितल्या. सातही रेघा होत्या, आणि सातही गोलाच्या वरच्या कडेला. त्यांत दोन पेअर. सर म्हणाले, चालायचंच, दमला असाल. खोलीत एकदम सगळ्या जणी कामाला लागल्यासारखं करायला लागल्या.

मी त्यांना शोधत गेले तर त्या मागच्या जिन्यावर बसलेल्या, ओला रुमाल डोळ्यांवर दाबून. मला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "इंदू, हे काम गेलं तर मी घरात बसून काय बघू गं? वहिनीची पाठ?" मग स्वतःच उठल्या, पातळ झटकलं आणि म्हणाल्या, पुढची जुळवणी होऊ दे, पुन्हा असं आलं तर डोळे दाखवून येते.

दोन वाक्यं होती. मी मूर्ख पोरीने पहिलं तेवढं मनात धरलं.

पुढची प्लेट मी बघितली. वरच्या कडेला पुन्हा रेघा होत्या, आणि जेवणाच्या सुट्टीत मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांचा खण उघडून वही बघितली. त्या रेघा वहीत नव्हत्या. मी माझ्या जागेवर परत आले, पेन उचललं, आणि माझ्या वहीत त्या लिहिल्याच नाहीत. एवढंच. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. फक्त दिसलेलं लिहिलं नाही. जुळवणीत मी वाचत गेले आणि त्या आहे, आहे म्हणत गेल्या. शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांनी असा श्वास सोडला की मला वाटलं, इंदू, जन्माला येऊन एक चांगलं काम केलंस.

एकदा केलं की पुढे सोपं असतं. वर्षभर केलं. वाटायचं, थोडे दिवस, विश्रांती मिळाली की नजर येईल ठिकाणावर. रात्री त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतात असं त्या सांगायच्या, त्याचा गुण येईल. डोळे म्हणजे चष्मा, यापलीकडे मला अक्कल नव्हती. वर त्यांची ख्याती वाढत चालली. सरांनी हिशेब केला तर आमच्या जोडीच्या नजरेतून जवळजवळ काहीच सुटत नव्हतं. सर पाहुण्यांना सांगायचे, या दोघींनी नाही म्हटलं तर आकाशातही नाही.

इकडे त्या डोक्याला टेंगूळ घेऊन यायला लागल्या. स्वयंपाकघराची चौकट लागली. दुकानाची उतरती फळी लागली. कुणाच्या छत्रीची काडी. सगळं वरचं. मी दोनदा म्हटलं, ताई, डोळे दाखवा ना एकदा. त्या म्हणाल्या, "डोळ्यांना काय झालंय? जुळवणी बघतेस ना माझी?" बोलायला हवं होतं तेच तोंडातून निघेना. त्या माझ्यावर मोजून स्वतःची नजर तपासत होत्या आणि माप मीच बिघडवून ठेवलं होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. रात्री अंथरुणावर कळायचं. सकाळी मायक्रोस्कोपशी बसले की हात आपला तसाच चालायचा.

शेवट मोर्चातच झाला. समोरून दुसरी तुकडी येत होती, कापडी फलकाचे बांबू खांद्यावर घेतलेली. बांबू अगदी आमच्या डोक्याच्या उंचीवर. मी बाजूला झाले, सगळे झाले, मथुताई सरळ चालत गेल्या. कपाळ फुटलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरने विचारलं, बाई, एवढा मोठा बांबू दिसला नाही? आणि डोळ्यांच्या इस्पितळाची चिठ्ठी दिली.

त्यांच्याबरोबर मीच गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काळं कापड लावलेल्या फळ्यासमोर त्यांना बसवलं, एक डोळा झाकला, मधल्या खुणेवर नजर ठेवायला सांगितली आणि काठीच्या टोकाला लावलेली पांढरी टाचणी कडेकडेने फिरवायला लागले. दिसली की सांगा. मथुताई सवयीने म्हणाल्या, आहे. खाली, आहे. उजवीकडे, आहे. टाचणी वर गेली. वरच्या अर्ध्या फळ्यावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरत होती, मला मागच्या बाकावरून लख्ख दिसत होती, आणि त्या शांतपणे वाट बघत बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं, डॉक्टरांनी अजून सुरुवात केलेली नाही.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकलं तर टिकेल, तेही फार नाही. वर्षापूर्वी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. जरा रागानेच म्हणाले. तुमचं तर कामच डोळ्यांचं, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

मथुताई ताठ बसल्या. "माझं काम तपासलं जातं, डॉक्टर. ही तपासते. वर्षभरात एक चूक निघाली नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या दिशेला हात केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हाही अभिमान होता. माझा अभिमान.

मी बाहेरच्या बाकावर त्यांना सगळं सांगितलं. रडत सांगितलं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मला रडूही आलं नाही. धडाधड बोलून टाकलं. पहिली प्लेट, खण, वही, वर्ष. त्या समोर बघत ऐकत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. माफ केलं असतं तरी धरले असते. त्यांनी विचारलं, "किती होत्या?"

मी म्हटलं, मोजल्या नाहीत.

"कुठे लिहून ठेवल्यास?"

नाही ठेवल्या.

त्या उठल्या. मी हात पुढे केला तो घेतला नाही. भिंतीला धरून दहा पावलं गेल्या, थांबल्या, आणि न वळता म्हणाल्या, "डोळे गेले ते माझे होते. त्या प्लेटा माझ्या नव्हत्या. उद्या सरांना सांग."

सांगितलं. सरांनी आधी खिडकी लावून घेतली, मग खुर्चीवर बसले. बाहेर पाठवायला तयार ठेवलेला लेख त्यांनी मागे घेतला. मला कामावरून काढतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, काढून माझा काय फायदा, कुठे बघायचं ते दुसऱ्या कुणाला माहीत आहे? वर्षभराच्या सगळ्या प्लेटा मी पुन्हा बघायला घेतल्या, आणि माझ्यामागून दुसरी एक जण, माझी वही न बघता. मथुताईंचं स्टूल कोपऱ्यात सरकवलं होतं. त्यांच्या जागेवर कुणी बसायला मागत नव्हतं.

मी रविवारी गिरगावात जायची. पहिले दोन महिने वहिनीच दार उघडून सांगायची, झोपल्यात. मग एकदा आतून आवाज आला, येऊ दे. त्या प्रसंगाचं पुन्हा नाव काढलं नाही. आम्ही कालवणाबद्दल बोलायचो, मोर्चाबद्दल बोलायचो. दर वेळी त्यांची मान जरा जास्त फिरायची, समोरची वस्तू तुकड्यातुकड्याने शोधायची. एका डोळ्यात मधोमध चवलीएवढी नजर उरली होती. थेंब वेळच्या वेळी घालत होत्या. थेंबांचा काही उपयोग नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

माझं काम संपायला आलं तेव्हा राज्य मिळाल्याचा दिवस उजाडला. संस्थेला सुट्टी. मी नवीन वही घेऊन गिरगावात गेले. मला वाटलं होतं निकाल तेवढा सांगावा. बाई ऐकेनात. जुळवणी करायची म्हणाल्या, नीट, समोरासमोर. त्यांची जुनी वही सरांकडून मागून आणायचा निरोप त्यांनी आठवडाभर आधीच पाठवला होता, ती मी बरोबर नेली होती.

खाली सगळं गिरगाव रस्त्यावर लोटलं होतं. ताशे, लेझीम, गुलाल, घराघरावर तोरणं. भाऊ आणि वहिनी सज्जात. आतल्या खोलीत आम्ही दोघी, मध्ये पाट, पाटावर दोन वह्या. मथुताईंनी खिडकी लावायला लावली, ऐकू येत नाही म्हणून. मी जागा वाचायची. त्या वहीवर बोट ठेवायच्या, मान हलवत हलवत उरलेल्या नजरेत आकडा पकडायच्या, आणि म्हणायच्या, आहे. आहे. मग नाही. त्यांच्या आवाजात फरक नव्हता. प्रत्येक 'नाही'नंतर माझं वाचणं अडायचं, आणि त्या म्हणायच्या, पुढची. दुपारी सुरू केलेलं पाच वाजेपर्यंत चाललं. मध्ये वहिनी पेढे घेऊन आली, ते तसेच राहिले. वर्षभराचे 'नाही' त्या दिवशी एकापाठोपाठ एक ऐकले. त्यातल्या कितीतरी पेअर होत्या. सरांना हवी ती दिशा मात्र त्यांतही निघाली नाही, सगळीकडून सारख्याच आल्या होत्या. ते सांगितल्यावर मथुताईंनी नुसती मान हलवली.

जुळवणी झाली की खाली दोघींनी सही करायची पद्धत. मी केली. मग पेन त्यांच्या हातात दिलं आणि वही पुढे सरकवली. त्यांनी डाव्या हाताने कागदाची कड चाचपली, वाकल्या, आणि एका दमात सही केली. पूर्ण नाव, जुन्या वळणाचं.

"रेघेवर आली का?" त्यांनी विचारलं.

ती बरीच वर गेली होती. शेवटच्या दोन ओळींच्या आकड्यांवरून, आडवी. आली म्हणून मी सांगितलं असतं तर त्यांना कळलं नसतं. शब्द अगदी ओठावर आला होता.

मी म्हटलं, "नाही, ताई."

"मग काट," त्या म्हणाल्या. "एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे."

मी काटली. त्यांनी पेन धरलेला हात माझ्यासमोर धरला, आणि मी तो धरून रेघेवर नेऊन ठेवला.